व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर: आउटपुट ट्रान्सफॉर्मर परत परत जातो तेव्हा

देवळातला किंवा भजनी मंडळाचा जुना व्हॉल्व्ह (काचेच्या पेटत्या नळ्यांचा) सेट, आजोबांचा रेडिओ, नाहीतर हौसेने घेतलेला ईएल८४ किंवा ईएल३४ नंबरच्या व्हॉल्व्हचा स्टिरिओ ज्यांच्याकडे आहे, त्यांनी "ट्रान्सफॉर्मर गेलो, नवीन घालूक होयो" हे एकदा तरी ऐकलेलं असतं. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर: व्हॉल्व्हकडची गुंडाळी प्रायमरी, स्पीकरकडची सेकंडरी. नवीन घातला जातो, वर्षभरात तोही जातो. माझ्याकडे कुडाळात असे सेट येतात ते वेंगुर्ला, मालवण, देवगड या पट्ट्यातून जास्त आणि घाटाच्या पायथ्याकडून कमी. येतात तेही बहुतेक गणपतीच्या तोंडावर. याला कारण आहे, ते पुढे सांगतो. आधी लक्षणं.

लक्षणं

सर्वांत बोलकं लक्षण आधी. आवाज एकदम बंद, फिलामेंट पेटलेले, आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या पोटात, करड्या प्लेटच्या आत, बारीक तारेची जाळी लालभडक दिसते. प्लेट मात्र लाल नाही. तापलेली ती जाळी म्हणजे स्क्रीन ग्रिड. प्लेटला व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून येतं, स्क्रीनला वेगळ्या वाटेने. प्रायमरी तुटली की प्लेट उपाशी राहते आणि सगळा करंट एकटी स्क्रीन ओढते. असं दिसलं तर त्याच क्षणी सेट बंद करा. चांगला व्हॉल्व्हही अशाने थोड्याच वेळात जातो.

याच्या उलट प्लेटच लाल होत असेल, म्हणजे बाहेरची करडी पेटीच तापून लाल दिसत असेल, तर ट्रान्सफॉर्मर बहुधा अजून जिवंत आहे. दोष बायस (व्हॉल्व्हचा करंट मर्यादेत ठेवणारं व्होल्टेज), कपलिंग कंडेन्सर किंवा त्या व्हॉल्व्हमध्ये आहे. तसाच चालू ठेवलात तर मात्र पुढचा नंबर ट्रान्सफॉर्मरचाच. या दोन लालींची गल्लत फार होते आणि त्या गल्लतीत चांगले ट्रान्सफॉर्मर बदलले जातात.

आवाज अर्ध्यावर आला, फाटतो, आणि पूर्वी नव्हती अशी घूं सुरू झाली: पुश-पुल (दोन आउटपुट व्हॉल्व्ह जोडीने चालणाऱ्या) सेटमध्ये एक बाजू मेल्याची ही खूण. दोन्ही व्हॉल्व्ह सारखे चालतात तेव्हा सप्लायची घूं ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारते. एक बाजू गेली की मारायला कोणी उरत नाही.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तेलात काही तळल्यासारखी चरचर येते, मध्येच थांबते, पुन्हा येते: प्रायमरीची तार आतून कुजत चालली असेल. समुद्राकाठच्या सेटमध्ये हे लक्षण मी सर्वांत गांभीर्याने घेतो, कारण पूर्ण तुटण्याआधीची ती सूचना असते.

आवाज आहे पण बारीक, बास नाही, आणि ट्रान्सफॉर्मर हात लावू न देण्याइतका गरम: वेढे आपसात शॉर्ट झाल्याची शंका. चालू करताच फ्यूज जातो: प्रायमरी कोअरला टेकल्याची शंका, पण हेच काम खराब रेक्टिफायर आणि फुगलेला फिल्टर कंडेन्सरही करतात.

स्पीकरच्या तारेला झटका बसत असेल तर पुढचं काहीही तपासू नका. प्लग काढा आणि सेट मेकॅनिककडे न्या. प्रायमरीचे तीन-चारशे व्होल्ट स्पीकरच्या बाजूला उतरले असण्याची शक्यता आहे, आणि ती तार मंडपात लहान मुलांच्या हाताशी असते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी

ईएल८४च्या सेटमध्ये साधारण २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो, ईएल३४ आणि ६एल६च्या सेटमध्ये ३५० ते ४५०. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर हा चार्ज धरून बसतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपा लावून कंडेन्सरच्या दोन टोकांवर काही सेकंद ठेवा, मग मीटरने व्होल्ट बघा, मगच हात घाला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत सोडा. तिने कंडेन्सरही दुखावतो.

घरगुती रेडिओ असेल तर व्हॉल्व्हचे नंबर वाचा. यूएल८४, यूसीएल८२ असे 'यू'ने सुरू होणारे नंबर असतील तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चासी थेट २३० व्होल्टच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला तर अख्खा पत्रा फेजवर. असा सेट घरी उघडू नका.

पहिली तपासणी: स्पीकर, कर्णे आणि तार

पैसे लागत नाहीत, सेट उघडावा लागत नाही, आणि निम्मं उत्तर इथेच मिळतं. प्लग काढून स्पीकरची तार सेटवरून सोडा आणि तारेच्या टोकांवर ओहम मोजा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेपाच ते सातच्या आसपास दाखवतो, १६ ओहमचं कर्ण्याचं युनिट त्याच्या साधारण दुप्पट. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय किंवा युनिटचा डायफ्राम गेलाय. माडाला बांधलेल्या कर्ण्याच्या जोडावर हिरवी बुरशी चढलेली असते, ती खरवडून पुन्हा मोजा.

१०० व्होल्ट लाइनवर चालणारी व्यवस्था असेल तर हा ओहम उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक कर्ण्यात लाइन ट्रान्सफॉर्मर असतो आणि मीटरला फक्त त्याची तार दिसते. तिथे प्रत्येक कर्णा किती वॉटच्या टॅपवर (जोडणीच्या टोकावर) आहे ते बघून बेरीज करा. ती सेटच्या वॉटपेक्षा जास्त नको. साध्या जोडणीत १६ ओहमचे चार कर्णे पॅरलल केले की ४ ओहम होतात. ते ४च्या टॅपवरच लागायला हवेत.

ही तपासणी पहिली का? व्हॉल्व्ह सेटचा स्वभाव ट्रान्झिस्टर सेटच्या बरोबर उलटा आहे. ट्रान्झिस्टर सेट स्पीकरशिवाय तासभर ठेवला तरी बिघडत नाही, शॉर्टला मात्र घाबरतो. व्हॉल्व्ह सेट शॉर्ट थोडा वेळ सोसतो, पण लोड, म्हणजे स्पीकर, तुटलेला सोसत नाही. स्पीकर नसताना आवाज दिला की प्रायमरीवरचं व्होल्टेज वाट मिळेल तिथून उसळतं. हजार व्होल्टच्या वर सहज जातं आणि वेढ्यांमधला कागद भेदतं. काही वेळा ईएल३४च्या सॉकेटवर तीन नंबरच्या प्लेट पिनेवरून शेजारच्या दोन नंबरच्या फिलामेंट पिनेवर ठिणगी उडते आणि बेकलाइटवर काळी रेघ राहते. अशी रेघ दिसली तर सॉकेट पुसून भागत नाही, बदलावा लागतो. काळं पडलेलं बेकलाइट वीज वाहून नेतं.

जत्रेत रात्री जनरेटर बंद-चालू होतो, कोणीतरी अंधारात तारेवर पाय देतो, कर्णा सुटतो. स्टेजवर दशावतार रंगलेला, आवाज येत नाही म्हणून मागे बसलेला मुलगा व्हॉल्यूम पूर्ण वर नेतो. ट्रान्सफॉर्मर त्या मिनिटात जातो, आणि दोष कंपनीवर येतो.

एक खूण लक्षात ठेवा: स्पीकरमधून आवाज नाही, पण सेटच्या पोटातून गाणं बारीक ऐकू येतंय, तर लोड तुटलाय. गातोय तो ट्रान्सफॉर्मर. लगेच व्हॉल्यूम खाली.

दुसरी: टॅप, पिना, फ्यूज

इम्पीडन्सचा (स्पीकरच्या ओहमचा) टॅप बदलायचा स्विच किंवा पट्टी खाऱ्या हवेत काळी पडते. बाहेरून घट्ट वाटते, आतून संपर्क नसतो, म्हणजे पुन्हा लोड तुटलेलाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चार-पाच वेळा फिरवा. व्हॉल्व्ह थंड झाल्यावर काढून त्याच्या पिना आणि सॉकेटच्या पकडी बघा. रॉकेल किंवा खोबरेल लावू नका. धूळ आणि मीठ दोन्ही त्यावर चिकटून बसतात. फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा असेल, आणि तो असतोच, तर आधी योग्य फ्यूज बसवा.

तिसरी: व्हॉल्व्हची अदलाबदल

पुश-पुल सेटमधले दोन आउटपुट व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागी लावा. लाली व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह खराब. त्याच सॉकेटवर राहिली तर दोष सेटमध्ये. शक्य असेल तर सिरीज बोर्डावर (सेटच्या मेन्सच्या तारेत बल्ब सिरीजने येतो असा बोर्ड) ६० किंवा १०० वॉटचा साधा बल्ब लावून चालू करा. एलईडी चालत नाही, फिलामेंटचाच हवा. बल्ब भगभगून पेटला आणि पेटलेलाच राहिला तर सेट जास्त करंट ओढतोय. सुरुवातीला उजळून नंतर मंद झाला तर ठीक. स्पीकर जोडलेला असू द्या, हे पुन्हा सांगतो.

बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने ईएल८४ अजून लोकांच्या डब्यांतून निघतात आणि चांगले चालतात. डब्यातला व्हॉल्व्ह लावण्यापूर्वी काचेच्या टोकाचा आतला आरसा बघा. चंदेरी असेल तर लावून बघण्यालायक, दुधी-पांढरा झाला असेल तर हवा शिरली, टाकून द्या.

चौथी: कपलिंग कंडेन्सर

परत परत जाणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा खरा गुन्हेगार मला सर्वांत जास्त वेळा इथे सापडलाय.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणारी जाळी, स्क्रीनपेक्षा वेगळी) आवाज एका छोट्या कंडेन्सरमधून, म्हणजे कपलिंग कंडेन्सरमधून, येतो, साधारण ०.०२२ ते ०.१ मायक्रोफॅराड. त्याच्या एका बाजूला आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचे शे-दोनशे व्होल्ट असतात आणि ते अडवणं हे त्याचं काम. जुने कंडेन्सर कागदाचे, मेणात बुडवलेले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमटपणात मेणाला तडे जातात, कागद ओल पितो आणि थोडं थोडं डीसी ग्रिडवर गळू लागतं. ग्रिड पॉझिटिव्हकडे सरकली की व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर करंट ओढतो. तो सगळा करंट प्रायमरीच्या केसाएवढ्या तारेतून जातो. आवाज फारसा बदलत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. तार मात्र तासन्‌तास भाजत राहते.

नवीन ट्रान्सफॉर्मर घालणारा हा कंडेन्सर बदलत नाही. मग तोच खेळ पुन्हा.

म्हणून मी तो मोजत बसत नाही, थेट बदलतो. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन, तेवढ्याच मायक्रोफॅराडचा. चहा-वड्याच्या पैशांत येतो. दोन असतील तर दोन्ही बदला.

चालू सेटवर मोजायची सवय असेल, आणि असेल तरच, कॅथोडवरचं (व्हॉल्व्हचा करंट जिथून निघतो त्या टोकावरचं) व्होल्टेज बघा. ईएल८४च्या डेटाशीटमध्ये एकट्या व्हॉल्व्हला २५० व्होल्टवर ४८ मिलिअँप प्लेट करंट आणि कॅथोडवर १३५ ओहम दिलाय, म्हणजे कॅथोडवर सात-साडेसात व्होल्ट. तिथे अकरा-बारा दिसले तर व्हॉल्व्ह भाजतोय. आधी तो १३५ ओहम स्वतः बरोबर आहे का तेही बघा, जुने कार्बन रेझिस्टन्स वाढलेले असतात. ज्या सेटमध्ये बायस वेगळ्या निगेटिव्ह सप्लायने येतो, तिथे बायसचा छोटा इलेक्ट्रोलिटिक आणि रेक्टिफायरही संशयितच. बायस गेला की दोन्ही प्लेटा एकदम लाल.

पाचवी: ट्रान्सफॉर्मरचा ओहम

आता ट्रान्सफॉर्मरकडे. प्लग बाहेर, कंडेन्सर रिकामे, व्हॉल्व्ह काढलेले. ईएल३४ किंवा ६एल६ असेल तर सॉकेटची ३ नंबर पिन प्लेट, ईएल८४ला ७ नंबर. मीटरचं एक टोक सेंटर टॅपवर, म्हणजे जिथे एचटी (प्लेट सप्लायचे तीन-चारशे व्होल्ट) जोडलाय तिथे, दुसरं एका प्लेट पिनेवर, मग दुसऱ्या प्लेट पिनेवर. मोठ्या पुश-पुल ट्रान्सफॉर्मरचा एकेक अर्धा बहुतेक वेळा पन्नास ते दोनशे ओहमच्या दरम्यान येतो. रेडिओतला एकट्या व्हॉल्व्हचा छोटा ट्रान्सफॉर्मर दोनशे ते सहाशे. आकडा स्थिरावायला वेळ लागतो, घाई करू नका. उघडी टोकं दोन्ही बोटांत धरू नका. मीटर काढताना बारीक चिमटा बसतो.

एक अर्धा ९० आणि दुसरा १०५ आला म्हणून घाबरू नका. बाहेरच्या थरांतला प्रत्येक वेढा लांब असतो, म्हणून वेढे तेवढेच असूनही तार जास्त लागते. १५-२० टक्क्यांचा फरक हा दोष नव्हे. एका बाजूला अनंत, दुसरीला १००, हा दोष.

सेकंडरी एका ओहमच्याही आत असते. साधा मीटर तिथे आपल्याच तारांचा ओहम दाखवतो, त्यामुळे आधी दोन टोकं जोडून तो आकडा वजा करा. सेकंडरी सहसा जात नाही, तार जाड असते.

प्रायमरीच का कुजते, हे आता बघू. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी कोअर चासीला, म्हणजे शून्यावर. प्रायमरीची तांब्याची तार त्याच्यापेक्षा तीन-चारशे व्होल्ट पॉझिटिव्ह. मध्ये कागद. कोरड्या कागदातून काही वाहत नाही. दमट आणि खारट कागदातून मात्र सूक्ष्म करंट वाहतो, आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळून हिरवं होतं. तार आधीच केसाएवढी, त्यात एका ठिकाणी हिरवा ठिपका पडला की तिथे ती तुटते. सेट बंद असतो तेव्हा व्होल्टेज नाही, कागद फक्त ओल पितो. नुकसान होतं ते ओला सेट चालू केल्यावर. आषाढ-श्रावणात ओल प्यायलेला सेट भाद्रपदात खाली उतरवून लगेच रात्रभर भजनाला लावला की हे गणित पूर्ण होतं. गणपतीच्या तोंडावर गर्दी होते ती याने. चाकरमान्यांच्या बंद घरातले सेट तर वर्षातून एकदाच उघडतात.

ओपन दाखवणारा ट्रान्सफॉर्मर लगेच मेला समजू नका. बाहेर येणारी वायर आणि आतली बारीक तार जिथे डागलेली (सोल्डर केलेली) असते, तिथे फ्लक्सचं आम्ल राहिलेलं असतं आणि ओल पहिली तिथेच पोचते. वायर हलक्या हाताने हलवत ओहम बघा. आकडा येतो-जातो असेल तर बाहेरचा एक-दोन थर कागद काळजीने सोडवला की हिरवा झालेला जोड दिसतो. तेवढा भाग कापून, इनॅमल खरवडून, नवा डाग देऊन, लेथरॉइडचा (इन्सुलेशनच्या जाड कागदाचा) तुकडा आणि वार्निश. असा वाचलेला ट्रान्सफॉर्मर पुढे वर्षानुवर्षं चालतो. तुटलेली जागा आतल्या थरात असेल तर मात्र शोधत बसू नका.

सहावी: इन्सुलेशन

यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लागतो. कोणत्याही वायरमनकडे असतो. ट्रान्सफॉर्मरच्या सगळ्या वायरी सेटमधून सोडवा. एकही जोडलेली राहिली तर मेगर सेटमधले इतर भाग मारतो. प्रायमरी ते कोअर आणि प्रायमरी ते सेकंडरी मोजा. शंभर मेगओहमच्या वर असेल तर छान. दोन-चार मेगओहम असेल तर ओल किंवा जळालेला कागद. मल्टिमीटरने हे कळत नाही, त्याच्या आतल्या छोट्या बॅटरीला कागद दाद देत नाही.

कमी आलं तर वाळवा. पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर आणि ६० वॉटचा बल्ब, हवा जायला भोकं, दोन-तीन दिवस. हाताला चांगला गरम लागावा, चटका बसू नये. मेणात ओतलेला असेल तर त्याहून कमी, नाहीतर मेण वाहून जाईल. थंड झाल्यावर पुन्हा मेगर. आकडा वर गेला आणि आठवड्याने तसाच राहिला तर ओल होती. वर गेलाच नाही तर आतला कागद कोळसा झालाय, वाळवून तो परत येणार नाही.

सातवी: वेढे शॉर्ट आहेत का

ओहम बरोबर, मेगर बरोबर, तरी आवाज बारीक आणि ट्रान्सफॉर्मर गरम. आता दोन युक्त्या. दोन्ही ट्रान्सफॉर्मर सेटमधून सुटा करूनच.

पहिली निऑनची. जुन्या टेस्टरमधला निऑन काढून प्रायमरीच्या दोन्ही प्लेट टोकांना लावा. सेकंडरीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा आणि काढा. काढताना निऑन चमकला पाहिजे. उघड्या टोकांना हात लावू नका. चमकलाच नाही तर वेढे शॉर्ट असण्याची दाट शक्यता. चमकला तर ट्रान्सफॉर्मर चांगला, असं मात्र म्हणता येत नाही, कारण थोडेसे वेढे शॉर्ट असतील तरी तो चमकतो.

दुसरी जास्त खात्रीची. फिलामेंटच्या ६.३ व्होल्ट एसीचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि ते व्होल्टेज प्रायमरीच्या दोन प्लेट टोकांना द्या. सेंटर टॅपपासून दोन्हीकडे ३.१५ व्होल्ट यायला हवेत. ओहममध्ये फरक चालतो, इथे चालत नाही. वेढे दोन्ही अर्ध्यांत सारखेच असतात, म्हणून एका बाजूला ३.३ आणि दुसरीला ३.० दिसलं की काही वेढे कामातून गेले. मग सेकंडरी मोजा. ६६०० ओहम ते ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर ८२५चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २८.७. तेव्हा ८ ओहमच्या टॅपवर ०.२२ व्होल्टच्या आसपास यावेत. हे उलटं करू नका: ६.३ व्होल्ट सेकंडरीला दिलेत तर प्रायमरीवर १८० व्होल्ट उभे राहतील.

फक्त पूर्ण एचटीवरच शॉर्ट होणारा ट्रान्सफॉर्मर या दोन्ही युक्त्यांतून निसटतो. तो डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा रेझिस्टन्स) आणि ऑसिलोस्कोपवरच पकडावा लागतो.

कुठे थांबायचं

पहिल्या तीन तपासण्या कोणीही कराव्यात. चौथीतला कंडेन्सर बदलायला डाग द्यायचा चांगला सराव हवा. चालू सेटवर एचटी मोजायची वेळ आली आणि आधी कधी मोजलं नसेल, तर तिथेच थांबा. नवीन फ्यूज लावूनही दुसऱ्यांदा गेला, ट्रान्सफॉर्मरमधून डांबर वाहिलं, जळका वास आला, स्पीकरच्या तारेवर झटका बसला, किंवा एसी-डीसी रेडिओ असेल, तर व्हॉल्व्हचं काम जाणणाऱ्या मेकॅनिककडे न्या. टीव्ही-मोबाइलवाला हुशार असतो, पण त्याच्या रोजच्या कामात चारशे व्होल्ट डीसीवर बसलेली प्रायमरी येत नाही.

रिवाइंडिंगलाही हेच लागू. पंपाच्या मोटारी भरणाऱ्याकडे आउटपुट ट्रान्सफॉर्मर देऊ नका. वेढे मोजून, त्याच गेजची सुपर इनॅमल तार, प्रायमरी-सेकंडरीचे थर मूळ क्रमाने आलटून-पालटून, प्रत्येक थरात कागद, आणि शेवटी वार्निश आतपर्यंत पोचेल असं भट्टीत वाळवणं, एवढं करणारा वाइंडर शोधा. वरवर ब्रशने वार्निश मारलेला ट्रान्सफॉर्मर किनाऱ्यावर टिकत नाही.

त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. एकट्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळ्या ई आकाराच्या पत्र्या एका बाजूने आणि आय आकाराच्या दुसऱ्या बाजूने, मध्ये कागदाची फट असते, कारण त्यातून सतत एका दिशेने डीसी वाहतो आणि फट नसेल तर कोअर चुंबकत्वाने भरून जातो. पुश-पुलमध्ये पत्र्या आलटून-पालटून, फट नाही. ही अदलाबदल झाली की तार नवी असूनही बास गायब होतो, आणि पुन्हा ट्रान्सफॉर्मरलाच नावं.

नवीन बसवल्यावर

चालू करताच कर्कश शिट्टी आली तर लगेच बंद करा. ट्रान्सफॉर्मर खराब नाही. सेकंडरीतून परत येणारा फीडबॅक उलटा झालाय. प्लेटच्या दोन वायरींची अदलाबदल करा. अल्ट्रालिनियर (स्क्रीनही ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला जोडलेला) सेट असेल तर स्क्रीनच्या दोन टॅपही बरोबर फिरवा. सेकंडरीला हात लावू नका, तिचं एक टोक अर्थला असतं.

दोन स्वस्त गोष्टी त्याच वेळी बसवून टाका. ८ ओहमच्या टर्मिनलवर कायमचा २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स. कर्णा सुटला तरी ट्रान्सफॉर्मर पूर्ण उघडा पडत नाही. पूर्ण संरक्षण नाही, पण उसळी बरीच दबते. १०० व्होल्टच्या टर्मिनलवर हा लावू नका, तिथे तो जळेल. दुसरं, एचटीला वेगळा फ्यूज, सेटच्या करंटप्रमाणे, आणि तो प्लेट व स्क्रीन या दोन्हींच्या आधी. फक्त सेंटर टॅपच्या वायरीत घातला तर फ्यूज गेल्यावर प्लेट उपाशी आणि स्क्रीन चालू, म्हणजे पहिल्या लक्षणातली लाल जाळी आपणच तयार केली.

पावसाळ्यात सेट जमिनीवर किंवा समुद्राकडच्या भिंतीला ठेवू नका. कपाटात १५ वॉटचा बल्ब जळत ठेवला तरी पुरतो. ते जमत नसेल तर गणपतीआधी आठ दिवस सेट खाली आणा, मागचं झाकण काढून दोन दिवस बल्बच्या उबेत ठेवा, मग सिरीज बोर्डावर तासभर, स्पीकर जोडून, आवाज न देता. चरचर ऐकू आली तर अजून वाळवा. मीठ बसलेली चासी कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पाल आणि मुंग्या आत असतातच, त्यांची घरं सॉकेटच्या पिनांमधून काढा.

आणि गेलेला ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकू नका. त्याचं स्टॅम्पिंग आणि बॉबिनचं माप वाइंडरला लागतं. जुनी वाइंडिंग सोडवताना मोजलेले वेढे कागदावर लिहून सेटच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवायला त्याला सांगा.